हिंजवडीचा एचआर की चाकणचा एचआर? दोन्हीकडं वर्षं काढलेल्याचं मत

मावसभावाच्या मुलीचं एमबीए संपत आलंय, एचआरच घेतलंय तिनं, आणि हातात दोन ऑफर आहेत, एक हिंजवडीला आयटी कंपनीत रिक्रूटमेंटची आणि दुसरी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या प्लांटमधे. फोन करून म्हणे, "काका, तुम्ही दोन्हीकडं काढलीयत, सांगा ना." तिला तासभर जे बोललो तेच इथं लिहितोय, कारण दर सीझनला कोणीतरी हे विचारतंच. मी आधी साडेचार वर्षं हिंजवडी, नंतर आजपर्यंत चाकण. पगार, सीटीसी, कॅब वगैरे ऑफर लेटरमधे वाचालच. आणि ट्रॅफिकवरून तर अजिबात ठरवू नका, वाकडचा पूल असो नाहीतर चाकणचा तळेगाव चौक, दोन्हीकडं बोंबच आहे.

डिग्री एकच, तरी काम एवढं वेगळं का, तर धंदाच वेगळा. आयटीत क्लायंट पैसे मोजतो ते माणसांचे. प्रोजेक्ट आला की अमुक स्किलची पंधरा माणसं महिन्याभरात बसली पाहिजेत, नाही बसली तर बिलिंग बुडालं, म्हणून तिथला एचआर दिवसभर भरती करतो आणि उरलेल्या वेळात सोडून चाललेल्यांना थांबवतो. प्लांटमधे गाडी बनवणारी कंपनी आपल्याकडं फार स्टॉक ठेवतच नाही, तुमचा माल वेळेत पोचला नाही की तिची लाइन थांबते आणि डेबिट नोट तुमच्या नावावर, म्हणजे नुकसानीचे पैसे तुमच्या बिलातून कापले. म्हणजे सेकंड शिफ्टला बारा ऑपरेटर आले नाहीत की सगळ्यात आधी फोन मला. त्यामुळं आमचं लक्ष मस्टरवर, म्हणजे हजेरीवर. आषाढी वारी, लातूर-बीडकडच्या जत्रा, मे महिन्यातली लग्नं, हे सगळं माझ्या टेबलावर प्रॉडक्शन प्लॅनच्या शेजारी लिहिलेलं असतं, आणि खरं सांगायचं तर प्लॅनपेक्षा तेच जास्त उपयोगी पडतं.

आता आयटी मी का सोडलं ते. लोकांना वाटतं टार्गेटमुळं. नाही हो, जॉइनिंगच्या सोमवारमुळं.

आयटीत नोटीस पिरियड 90 दिवसांचा. म्हणजे आज तुम्ही ऑफर दिली, त्यानं अ‍ॅक्सेप्ट केली, की पुढचे तीन महिने तो तुमचं ऑफर लेटर खिशात घालून बाजारात फिरायला मोकळा. 2021-22 ला तर कहर होता. 2022 च्या एप्रिल-जून तिमाहीत इन्फोसिसनं स्वतःचा अ‍ॅट्रिशन, म्हणजे वर्षभरात नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण, 28.4 टक्के जाहीर केला होता, एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, मग आमच्यासारख्या मधल्या फळीतल्यांचं काय विचारता. एका पोराला मी तीन महिने दर शुक्रवारी फोन करायचो, दिवाळीला मिठाई पाठवली, त्याच्या आईच्या ऑपरेशनची चौकशी केली. रविवारी रात्री मेसेज, "सर, उद्या नऊला पोचतो." सोमवारी लॅपटॉप तयार, आयडी कार्ड तयार, त्याचं नाव छापलेला मग तयार. साडेदहा झाले, फोन उचलेना. पावणेबाराला मेसेज आला, फॅमिली इश्यू आहे. आणि बुधवारी लिंक्डइनवर दुसऱ्या कंपनीचा तसलाच मग हातात धरून फोटो! आमचा मग मी घरी नेला, बायको त्यात कढीपत्त्याच्या काड्या ठेवते.

त्या पोराची चूक म्हणत नाही मी, 90 दिवसांची अट कंपन्यांनीच घातलीय आणि घाई असली की दुसऱ्याकडच्या माणसाचा नोटीस बायआउट करून, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून, त्याच कंपन्या त्याला उचलून नेतात. पण त्या वर्षी मी दिलेल्या दहा ऑफरमधले सहा आले तरी बॉस खूश असायचा, आणि असं वर्षानुवर्षं करत राहिलं की कोणाशी गोड बोलताना आपण खरंच बोलतोय का हेच कळेनासं होतं. मला तरी नाही जमलं. जमणारे आहेत, माझ्या तेव्हाच्या दोन सहकारी आज मोठ्या पोस्टवर आहेत आणि मजेत आहेत.

चाकणला सगळं गोड आहे असं नाही. दर तीनेक वर्षांनी युनियनशी करार. मागचा करार चौदा महिने चालला, गेट मीटिंग, काळ्या फिती, मधे आठ दिवस कँटीनवर बहिष्कार. एकदा युनियनचा कमिटी मेंबर केबिनमधे आला, काही न बोलता टेबलावर एक चपाती उभी केली. उभी राहिली हो ती! म्हणाला, "साहेब, थर्ड शिफ्टला हे खातो आम्ही." मी हसलो, तो नाही हसला. त्या रात्री अडीचला कँटीनला जाऊन जेवलो आणि दुसऱ्या आठवड्यात कँटीनचा कॉन्ट्रॅक्टर बदलला. हाच माणूस चौदा महिने टेबलावर हात आपटून माझ्याशी भांडला, पण रोज सकाळी पावणेसातला लाइनवर हजर. भांडतो, पण येतो. माझं पारडं तिथंच झुकलं.

खुपणारी गोष्ट चाकणलाही आहे, लपवत नाही. एकाच लाइनवर कायम कामगार आणि कॉन्ट्रॅक्टचा पोरगा शेजारी शेजारी तेच काम करतात आणि पगारात जमीन-अस्मानाचा फरक, तो पोरगा विचारतो तेव्हा माझ्याकडं उत्तर नसतं. शिवाय कायद्याचा अभ्यास सुटत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाले, कपातीला सरकारची परवानगी लागायची मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर गेली, फिक्स्ड टर्मवाल्याला, म्हणजे ठराविक मुदतीवर घेतलेल्याला, वर्षभरात ग्रॅच्युइटी, म्हणजे आम्ही परत पुस्तकं उघडून बसलोय. कोड आयटीलाही लागू आहेत, पण तिथं चर्चा बहुतेक बेसिक, म्हणजे मूळ पगार, एकूण पगाराच्या 50 टक्के झाल्यावर हातात किती येणार एवढीच.

वर्क फ्रॉम होम हवं असेल, परदेशातल्या टीमबरोबर काम करायचं असेल, तर हिंजवडीच बरी, प्लांटमधे घरून मस्टर बघता येत नाही. आणि एचआरमधे बायका अजूनही तिकडंच जास्त दिसतात, आमच्याकडं आत्ता कुठं दुसरी मुलगी लागलीय.

पुतणीला म्हटलं, इंटरव्ह्यूला एकेक प्रश्न विचार. आयटीवाल्यांना, ऑफर दिलेल्यांपैकी किती जण जॉइन होतात. प्लांटवाल्यांना, मागचा करार किती महिने चालला. उत्तर देताना समोरचा कुठं बघतो तेवढं बघ.

तिचं अजून ठरत नाहीये. म्हणाली, येत्या गुरुवारी येते काका तुमचा प्लांट बघायला. म्हटलं, अगं, गुरुवारी चाकणला सुट्टी असते, शुक्रवारी ये आणि जेवायला थांब, चपात्या आता मऊ असतात.