तुसाच्या बॉयलरचा व्हेंचुरी स्क्रबर: थ्रोट ढिला, सील आखूड, बाकी माल चांगला

भंडारा-गोंदियाकडच्या उसना तांदळाच्या मिलमध्ये ३ टनी (तासाला ३ टन वाफ देणारा) बॉयलर आणि भट्टीत धानाचा तूस हा जोड नेहमीचाच. अशा बॉयलरचा धूर पाण्याने धुऊन राख काढणारा व्हेंचुरी स्क्रबर विदर्भातल्याच एका फॅब्रिकेटरने बनवला आहे, त्या तयार संचाचं हे परीक्षण. संचात ३०४ स्टीलचा व्हेंचुरी (मध्ये अरुंद होणारी नळी, जिथे धूर आणि पाणी मिसळतं), धुरातून पाणी वेगळं करणारा सायक्लोन सेपरेटर, त्याच्या वरच्या भागात तुषार अडवणाऱ्या पीपी प्लास्टिकच्या मिस्ट पट्ट्या, धूर ओढणारा १५ एचपीचा आयडी फॅन, तासाला ७ घनमीटरचा पंप, सील पॉट (सेपरेटरचं पाणी बाहेर जाऊ देणारं, पण हवा आत न येऊ देणारं पाण्याचं भांडं) आणि दोन कप्प्यांचा हौद येतो.

आधी जे खरोखर चांगलं आहे ते. व्हेंचुरीच्या तोंडाशी बारीक छिद्रांचे नोझल न देता गोल पन्हाळ दिली आहे. तिच्यातून पाणी ओसंडतं आणि उतरती भिंत चहूबाजूंनी भिजत राहते. गरम धूर आणि पाणी जिथे पहिल्यांदा भेटतात तिथे भिंत अर्धी कोरडी राहिली, तर राखडीचं दगडासारखं कडं जमतं आणि महिन्याभरात छिन्नी घेऊन बसावं लागतं. इथे ते जमत नाही. फिरवून वापरलेल्या काळ्या पाण्यात ३ मिमीचे नोझल तसेही दोन दिवस टिकत नाहीत. पन्हाळ मात्र लेव्हल ट्यूब लावून अगदी सपाट बसवा. एका बाजूला ५ मिमी कलली तरी दुसरी बाजू कोरडी राहते.

आता थ्रोट, म्हणजे व्हेंचुरीचा सर्वात अरुंद गळा. ३ टन वाफेला तासाला सुमारे ७५० किलो तूस लागतो. त्याचा धूर १८० अंशांना तासाला साधारण ७,५०० घनमीटर भरतो. फॅब्रिकेटरने हाच आकडा धरून, ५० मीटर प्रतिसेकंद वेगासाठी थ्रोट २३० मिमीचा ठेवला आहे. पण पाणी लागताच धूर ५७-५८ अंशांवर येतो आणि वाफ मिसळूनही घनफळ ६,२५० च्या आसपास उरतं. म्हणजे खरा वेग ४२. धुराच्या घनमीटरला १ लिटर पाणी धरलं तर थ्रोटमधली दाबाची घट (पाण्याच्या स्तंभाच्या मिमीत) २५० मिमीऐवजी १८० मिमीच मिळते. जाडी राखड तेवढ्यातही धुतली जाते, बारीक धूळ सुटून जाते. कोटेशनमध्ये २५० लिहिलेलं असेल आणि यू-ट्यूबवर, म्हणजे दाब मोजायच्या पाण्याच्या नळीवर, १८० दिसत असेल, तर कारण बहुतेक हेच. उपाय सोपा आहे. थ्रोटमध्ये १० मिमी जाडीची स्लीव्ह बसवायची, व्यास २१० होतो आणि वेग ५० वर येतो. तुसाच्या राखडीत बहुतांश सिलिका असते, ती स्टील घासते. स्लीव्ह झिजली की बदलता येते, थ्रोट वाचतो. मात्र स्लीव्ह लावल्यावर १५ एचपीची मोटर काठावर येते, म्हणून २० एचपीचीच मागा. ढिल्या थ्रोटवर १५ एचपी आरामात चालते, त्यामुळे ही चूक कुणाच्या लक्षात येत नाही.

मल्टिसायक्लोन (धूर गरगर फिरवून जाडी राख कोरडीच वेगळी काढणारं यंत्र) काढून त्याच्या जागी हा स्क्रबर लावू नये. तुसात वजनाच्या १८-२० टक्के राख असते. ती सगळी पाण्यात आली तर हौद दोन-तीन दिवसांतच भरेल.

सर्वात मोठा दोष सीलमध्ये आहे, आणि तो बाहेरून दिसत नाही. बॉयलर, मल्टिसायक्लोन, व्हेंचुरी, सेपरेटर मिळून फॅनची ओढ ४२० मिमीपर्यंत जाते. सेपरेटरच्या बुडापासून सील पॉटमधल्या पाण्याच्या पातळीपर्यंत अंतर मात्र ३०० मिमीच दिलं आहे. फॅन पाणी वर ओढून धरतो, ते खाली उतरतच नाही. सेपरेटरमध्ये गुडगुड आवाज येतो, फॅन थरथरतो आणि चिमणीतून काळे शिंतोडे ओट्यावर वाळत घातलेल्या धानावर पडतात. लोक मिस्ट पट्ट्या खोलून धूत बसतात. पट्ट्यांचा त्यात दोष नसतो. हे अंतर किमान ६०० मिमी हवं. स्टँडचे पाय ३०० मिमीने वाढवून घ्या, तेही संच कारखान्यातून निघायच्या आधी. डक्ट जोडल्यावर हेच काम चौपट महागात पडतं.

गावाकडे लाइन जाते तेव्हा पंप आणि फॅन दोन्ही बंद पडतात, भट्टी मात्र धगधगत असते. चिमणीच्या नैसर्गिक ओढीने गरम धूर तसाच वर जातो आणि पीपीच्या पट्ट्या वाकड्या होतात. १,००० लिटरची टाकी उंचावर ठेवून पन्हाळीला जोडली, तर पूर्ण प्रवाहाने साधारण नऊ मिनिटं पाणी मिळतं. व्हॉल्व्ह अर्धवट उघडला तर त्याहून जास्त. तेवढ्यात तुसाचा फीड बंद करून बायपास डॅम्पर (धूर स्क्रबरला वळसा घालून नेणारी झडप) उघडता येतो. ही टाकी संचात नाही, ती द्यायलाच हवी होती.

हौदही बदलावा लागेल. तुसाची राखड सच्छिद्र असते. काही बुडते, काही तासन्तास तरंगते. नुसता खालचा ड्रेन दिलेल्या दोन कप्प्यांतून तरंगती राखड सरळ पंपात जाते. ७-८ घनमीटरचा तीन कप्प्यांचा हौद बांधा. पहिल्या दोन भिंतींपुढे पाण्यात ३०० मिमी बुडालेली आडवी पाटी लावा, म्हणजे तरंगत्या राखडीची साय तिथेच अडते आणि झाऱ्याने काढता येते. काढलेली राखड सुकवून वीटभट्टीला द्या. नाल्यात किंवा शेजारच्या बांधीत सोडू नका.

पाणी तासाला ३३० लिटर वाफ होऊन उडतं, २० तासांत साडेसहा हजार लिटर. मे महिन्यात बोअर आटतो तेव्हा हा हिशेब आधीच केलेला बरा. धान भिजवलेलं पाणी भरतीसाठी वापरायचा मोह होतो, पण ते आंबतं, फेस धरतं आणि फेसाबरोबर राखड चिमणीत जाते. तूस एकटा जळत असेल तर पाण्यात चुना किंवा कॉस्टिक टाकायची गरज नसते. कोळसा मिसळला की पाणी आम्लधर्मी होतं. तेव्हा कॉस्टिक सोडा टाकून पीएच ७ च्या आसपास ठेवा, नाहीतर कार्बन स्टीलचा फॅन आधी खाल्ला जातो.

 प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या संमतिपत्रात धुळीच्या मर्यादेचा जो आकडा असेल, तोच ऑर्डरवर लिहून घ्या. २१० मिमी स्लीव्ह, ६०० मिमी सील, २० एचपी मोटर आणि वरची टाकी लेखी मिळत असेल तर संच घेण्याजोगा आहे. कॅटलॉगमध्ये आहे तसाच असेल तर घेऊ नये.