अँटिओक की अक्का? व्याख्यानासाठी एक वेढा निवडताना

क्रुसेडवर, म्हणजे मध्ययुगातल्या ख्रिस्ती धर्मयुद्धांवर, तासाभराचे व्याख्यान द्यायचे आणि त्यासाठी एकच वेढा घ्यायचा, असे ठरले की निवड बहुधा पहिल्या क्रुसेडमधील अँटिओक (१०९७-९८) आणि तिसऱ्यातील अक्का (११८९-९१) या दोहोंपाशी येऊन अडते. (इंग्रजीतले ‘एकर’ हे रूप मी टाळतो, कारण ते ऐकताच श्रोत्यांना शेतजमीन आठवते, ‘अक्का’ म्हटल्यावर थोरली बहीण आठवते, हेही खरे.) दोन्हींवर मी बोललो आहे आणि दोन्हींना चांगला प्रतिसाद मिळाला, तेव्हा पुढचे मत थोडे सबुरीनेच घ्यावे.

बांधणीच्या दृष्टीने अँटिओक सरस आहे, हे मान्य करायला हवे. आठ महिन्यांचा वेढा आणि वेढा घालणाऱ्यांचीच उपासमार. मग ३ जून १०९८ च्या पहाटे फिरूझ नावाच्या बुरूज सांभाळणाऱ्या माणसाची फितुरी आणि शिडीवरून चढलेली क्रुसेडचा एक नेता बोहेमंड याची माणसे. लगोलग मोसूलचा केरबोघा फौज घेऊन येतो आणि शहर घेणारेच शहरात कोंडले जातात, शिवाय डोक्यावरचा बालेकिल्ला अजून तुर्कांच्याच ताब्यात असतो. २८ जूनच्या लढाईपर्यंत वक्त्याला फारसे काही करावेच लागत नाही.

माझे घोडे अडले ते निराळ्याच ठिकाणी. तटाच्या आत काय चालले होते, हा प्रश्न श्रोत्यांतून हमखास येतो आणि तिथे मला दर वेळी चाचपडावे लागले. लॅटिन, म्हणजे क्रुसेडरांच्या, बाजूने प्रत्यक्ष हजर असलेल्यांचे वृत्तान्त आहेत. पण यागी-सियान या सुभेदाराच्या शिबंदीतल्या कुणाचा शब्द माझ्या हाती लागला नाही, आणि ज्याचा आधार घ्यावा त्या इब्न अल-अथीर या इतिहासकाराचा जन्मच मुळी ११६० चा. प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांना मी ‘बहुधा’, ‘असावे’ अशी उत्तरे देत राहिलो आणि घरी येताना ते मला फार लागले.

अक्क्याला ही अडचण येत नाही. जेरुसलेमचा राजा गी द लुझिन्यान याने सुलतान सलाहुद्दीनच्या शिबंदीच्या हाती असलेल्या शहराला वेढा घातला, त्या वेढ्याला बाहेरून सलाहुद्दीनने घेरले, आणि सलाहुद्दीनच्या गोटात लष्कराचा काझी बहाउद्दीन इब्न शद्दाद सारे टिपून ठेवत होता. समोरच्या बाजूला इंग्लंडचा राजा रिचर्ड याच्या फौजेबरोबर आलेला वृत्तान्तकार आंब्र्वाझ होता. बैरूतहून निघालेले रसदेचे जहाज नाकेबंदीतून कसे निसटले, हे बहाउद्दीन सांगतो: खलाशांनी दाढ्या काढल्या, फ्रँकांचे (म्हणजे क्रुसेडरांचे) कपडे चढवले आणि डेकवर चक्क डुकरे बांधली. ईसा नावाचा पोहणारा रात्री शत्रूच्या जहाजांखालून बुडी मारून शहरात पत्रे व पैसे पोहोचवी आणि पोहोचला की आतून कबूतर सुटे. एकदा कबूतर आलेच नाही. काही दिवसांनी त्याचे प्रेत किनाऱ्याला लागले; कमरेला सोने आणि पत्रे जशीच्या तशी होती. हे सांगताना सभागृहात जी शांतता पसरते, ती अँटिओकमध्ये सापडल्याचे सांगितल्या गेलेल्या पवित्र भाल्याच्या चमत्काराने मला कधी मिळाली नाही.

अक्क्याचे दोष आहेतच. जवळजवळ तेवीस महिन्यांच्या या वेढ्याचा मधला भाग रेंगाळतो, पात्रांची गर्दी होते, आणि १२ जुलै ११९१ च्या शरणागतीवर थांबण्याचा मोह आवरावा लागतो, कारण २० ऑगस्टला रिचर्डने सुमारे २,७०० कैदी मारवले ते वगळून हा विषय सांगणे मला अप्रामाणिक वाटते. श्रोते अगदी नवखे असतील आणि वेळ अर्ध्या तासाचाच असेल, तर अँटिओक घेण्यास माझी हरकत नाही. तासभर मिळत असेल तर मात्र मी अक्काच घेईन. नकाशा घरूनच काढून न्यावा. मी तो आयत्या वेळी फळ्यावर काढू लागलो, तेव्हा शहर आणि फ्रँकांची छावणी इतकी ऐसपैस झाली की सलाहुद्दीनला फळ्यावर जागाच उरली नाही.