१२ डॉलरचं पेन आणि १२५ डॉलरचा मीटर

आमच्या घरात वाइनची हौस नवऱ्याची आणि हिशोब माझा. तो निफाडच्या द्राक्षबागेत वाढला, घड हातात घेऊन दोन मणी तोंडात टाकले की त्याचा निर्णय झालेला असतो. मी नाशिकच्या एका कॉलेजात ११ वर्षं केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स घेतली, त्यामुळे आकडा दिसल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर येत नाही. आता आम्ही कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोच्या दक्षिणेला राहतो. तिथून लोडाय जवळच, आणि लोडाय म्हणजे झिन्फँडेल, लाल वाइनचं द्राक्ष. दर सप्टेंबरला १०० पौंड द्राक्षं आणायची, गॅरेजमध्ये रगडायची, त्यातून सहा गॅलनच्या आसपास वाइन निघते. इथे दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत मुभा आहे, फक्त विकायची नाही. (गावी हा उद्योग करू नका. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी वाइन करणं गुन्हा ठरतो.)

पहिल्या वर्षी पीएच मीटर घ्यायची वेळ आली (पीएच म्हणजे आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं ॲसिड तीव्र) तेव्हा मी चक्क चिंगूसपणा केला. ऑनलाइन १२ डॉलरला पेनाच्या आकाराचं पिवळं मीटर मिळत होतं. दोन दशांश स्थळं दाखवणारं, सोबत पावडरच्या दोन पुड्या आणि एक चिमुकला स्क्रूड्रायव्हर. आमची एकूण द्राक्षंच दीडशे डॉलरची, त्यावर मीटरला सव्वाशे कोण घालणार?

पेनानं रगड्याचा पीएच दाखवला ३.८०. रेड वाइनला हा जरा जास्तच. पीएच वर गेला की वाइन बेचव लागते, रंग मंदावतो, आणि जंतूंचं फावतं. एक लिटरला एक ग्रॅम टार्टारिक ॲसिड घातलं की पीएच साधारण ०.१ उतरतो, हे मी वाचून ठेवलं होतं. मी लिटरला दोन ग्रॅम धरलं आणि सगळ्याला मिळून ४६ ग्रॅम तोलून घातलं. शेजारचे आजोबा इटालियन वळणाचे, लहानपणापासून वडिलांबरोबर वाइन केलेले. त्यांनी चमचाभर रस चाखला आणि मान हलवली, ॲसिड नको म्हणाले. नवराही तेच म्हणत होता. वर मला, "अगं, पोह्यावर लिंबू पिळताना लावतेस का मीटर?"

ती वाइन मे महिन्यात उघडली. पहिला घोट घेतल्यावर दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. आजोबा काही बोलले नाहीत, हेच त्यातल्या त्यात वाईट.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. केक-बिस्किटांच्या सामानात क्रीम ऑफ टार्टर मिळतं ना, ते म्हणजे पोटॅशियम बायटार्टरेट, वाइनच्याच पिंपात खाली बसणारा खार शुद्ध केलेला. त्याचं संपृक्त द्रावण २५ अंशाला ३.५६ पीएच देतं. हा आकडा इतका भरवशाचा आहे की प्रयोगशाळांमध्ये प्रमाण म्हणून वापरतात. करायचं इतकंच: ग्लासभर डिस्टिल्ड पाण्यात एक मोठा चमचा पावडर, भरपूर ढवळा, तळाशी न विरघळलेली पावडर राहिली पाहिजे. ती राहिली तरच द्रावण संपृक्त. वरचं नितळ पाणी वाटीत घ्या. ठेवून देऊ नका, चार दिवसांत त्यावर बुरशी धरते.

पिवळ्या पेनानं त्या वाटीत दाखवले ३.८०.

म्हणजे रगडा मुळात ३.५६ च्या आसपास होता. अगदी हवा तसा. त्यात मी ४६ ग्रॅम ॲसिड ओतलं होतं. नवऱ्याला सांगायला दोन दिवस घेतले.

आता गंमत अशी की पेन खोटारडं नव्हतं. त्याच्या स्क्रूनं फक्त एकच बिंदू जुळवता येतो, आणि तो मी ७ ला जुळवला होता. काचेचा प्रोब, म्हणजे द्रवात बुडवायचं टोक, २५ अंशाला एका पीएचमागे ५९ मिलिव्होल्ट द्यायला हवा. स्वस्तातला किंवा म्हातारा झालेला प्रोब त्यापेक्षा कमी देतो. माझ्याचं गणित ९३ टक्के निघालं. ७ च्या जवळपास हा कमीपणा दिसतच नाही, पण ७ पासून जितकं लांब जाल तितकी चूक वाढते, आणि वाइन तर साडेतीन पायऱ्या खाली उतरलेली. म्हणून घेताना पहिला प्रश्न हाच विचारा: दोन बिंदूंवर, ७ आणि ४ वर, कॅलिब्रेट होतो का? नाही म्हटलं तर पुढचं ऐकूही नका.

दुसरं, पडद्यावरच्या दशांशांवर भाळू नका. दोन दशांश दाखवणाऱ्या पेनाच्या खोक्यावर मागे बारीक अक्षरात अचूकता ±०.२ लिहिलेली मी पाहिली आहे. म्हणजे ३.५६ दिसतोय तो ३.३६ पासून ३.७६ पर्यंत काहीही असू शकतो. एवढ्या फरकानं काय बिघडतं? वाइन टिकावी म्हणून घालतात त्या सल्फाइटचा हिशोब बघा. रेडला रेणुरूप सल्फर डायऑक्साइड (जंतूंना आवरणारा भाग तोच) लिटरला अर्धा मिलिग्रॅम ठेवायचा म्हटलं तर ३.५ पीएचला मुक्त सल्फर डायऑक्साइड सुमारे २५ मिलिग्रॅम लागतो, ३.८ ला तोच ४९. पीएच ०.३ नं चुकला की डोस दुप्पट, नाहीतर निम्मा. दुप्पट झाला तर ग्लासातून काडेपेटी ओढल्याचा वास, निम्मा झाला तर काही महिन्यांनी व्हिनेगर.

कागदी पट्ट्यांचं विचारूच नका. जांभळ्या रसात पट्टी बुडवून रंग जुळवत बसणं म्हणजे होळीच्या दिवशी शर्टाचा मूळ रंग ओळखण्यासारखं.

तर दुसऱ्या वर्षी मी मिल्वॉकी कंपनीचा एमडब्ल्यू १०२ घेतला. मला तो साधारण १२५ डॉलरला पडला. दिसायला देखणा वगैरे नाही, जुन्या कॉर्डलेस फोनच्या हँडसेटसारखा ठोकळा. प्रोब वायरीवर वेगळा, तापमानाची सळई वेगळी, दोन्ही वाटीत सोडायच्या. अचूकता ±०.०२, दोन बिंदूंवर कॅलिब्रेशन. पण मी पैसे दिले ते खरं तर प्रोब जोडायच्या त्या बीएनसी खोबणीसाठी. प्रोब फिरवला की निघतो, दुसरा लावता येतो, आणि तो याच कंपनीचा हवा असंही नाही. काचेचा प्रोब हा चपलेसारखा असतो, कितीही जपा, दीड-दोन वर्षांत झिजतो. पेनात प्रोब बदलता येत नसेल तर दर दोन वर्षांनी अख्खं पेन कचऱ्यात. माझा पहिला प्रोब तीन हंगाम चालला. दुसरा ५० डॉलरच्या आत मिळाला, मीटर तोच.

बदलता प्रोब असलेली पेनंही मिळतात, सत्तर-ऐंशी डॉलरपासून पुढे. माझ्या मैत्रिणीकडे आहे, बरी आहेत. जागा कमी लागते, वायरीचा गुंता नाही. तुम्ही फक्त पीएच बघणार असाल तर तेवढं पुरे. मला मात्र एकूण ॲसिड मोजायचा, म्हणजे ब्युरेटचा (तोटी असलेल्या मापाच्या काचनळीचा) सोस. पाच मिलिलिटर वाइन घ्यायची, ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब सोडायचं, मीटर ८.२ वर आला की थांबायचं, लागलेल्या मिलिलिटरला दीडनं गुणलं की लिटरमागे टार्टारिक किती ग्रॅम ते मिळतं. पांढऱ्या वाइनला रंग बदलून खूण देणारं फिनॉल्फ्थॅलिन चालेल, पण रेडमध्ये फिकट गुलाबी रंग शोधणार कुठे? तिथे वायरीवरचा प्रोब स्टँडला अडकवून दोन्ही हात मोकळे राहतात. पेन एका हातात धरून हे जमत नाही. जमवून पाहिलंय, ब्युरेटची तोटी दातांत धरायची तेवढी बाकी होती.

तापमानाच्या सळईबद्दल एक गैरसमज मैत्रिणीचाही होता. सळई मीटरचं मिलिव्होल्टचं गणित दुरुस्त करते, थंडीमुळे खुद्द वाइनचा पीएच सरकतो तो नाही. गॅरेजमधला थंडगार नमुना आणून लगेच बुडवू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या. आधी गाळून घ्या, कारण साली आणि गर प्रोबच्या बारीक छिद्रात बसले की आकडा सरकत राहतो, थांबतच नाही. धुतल्यावर प्रोब पुसायचा नाही, टिपायचा, बाळाचं तोंड टिपतो तसा.

मीटरपेक्षा ज्यावर हात आखडता घेऊ नये ती गोष्ट म्हणजे बफर, मीटर जुळवायची ठरलेल्या पीएचची द्रावणं. मी एकदा वापरून टाकायच्या छोट्या पाकिटांतले घेते. मोठी बाटली स्वस्त दिसते, पण त्यात प्रोब बुडवला की ती बाटली संपली समजा. तारीख बघून घ्या. मापायला बसण्याआधी त्याच दिवशी ७ आणि ४, मग क्रीम ऑफ टार्टरची वाटी. ३.५४ ते ३.५८ मध्ये आला की मी पुढे जाते, नाही आला की सगळं परत.

आणि प्रोब कधी कोरडा ठेवायचा नाही. डिस्टिल्ड पाण्यातही नाही, ते आतलं पोटॅशियम क्लोराइड ओढून घेतं. टोपीत पोटॅशियम क्लोराइडचं साठवणीचं द्रावण, चार थेंब पुरतात.

पिवळ्या पेनाचं मी टाकून द्यायचं ठरवलं होतं. मग धाकट्या दिरांचा फोन आला. फवारणीच्या पाण्याचा पीएच बघायला सांगितलंय, काही औषधं जास्त पीएचच्या पाण्यात लवकर फुटतात आणि वाया जातात. तिथे सगळा खेळ ७ ते ८ च्या आसपास, जिथे हे पेन शहाण्यासारखं वागतं. डिसेंबरात गावी जाताना बॅगेत घालून नेलं, ७ ला जुळवून दिलं, टोपीत द्रावणाचे थेंब घालायचे ते करून दाखवलं, बाटलीही दिली.

फेब्रुवारीत त्यांचा व्हिडिओ कॉल. "वहिनी, विहिरीचं पाणी कालपर्यंत ८.१ होतं, आज ६.४ दाखवतंय. मग ७.३. मग परत ६.९."

"भाऊजी, टोपीत काय घातलंय?"

"तुमची बाटली सांडली हो. पण साधं पाणी नाही घातलं मी, बिसलेरी घातलंय."