गोल्फ कोर्सवर मोबाइल: बंदी घालावी की अटींसह परवानगी द्यावी?

गोल्फ क्लबच्या समितीला मोबाइलविषयी नियम ठरवायचा असेल, तर तिच्यापुढे तीन वाटा असतात: फोन कोर्सवर येऊच न देणे, आवाज बंद करून बॅगेत ठेवण्याची परवानगी देणे, किंवा सगळे सभासदांच्या तारतम्यावर सोडणे. तिसऱ्या वाटेचा विचार लवकर आटोपता येतो, कारण तिथे नियमच उरत नाही आणि तक्रार करणाऱ्या खेळाडूलाच वाईटपणा घ्यावा लागतो. खरी तुलना पहिल्या दोन पर्यायांत आहे.

या खेळात फोनचा उपद्रव इतका का होतो, हे आधी नीट पाहायला हवे. गोल्फमध्ये चेंडू स्थिर असतो, फटका कधी मारायचा हे खेळाडू स्वतः ठरवतो आणि क्लब म्हणजे गोल्फची काठी मागे नेल्यापासून ती चेंडूला लागेपर्यंत जेमतेम सेकंदभराचा अवधी असतो. त्या अवधीत रिंग वाजली की हात आखडतो. गोंगाटापेक्षाही अनपेक्षितपणाचा त्रास मोठा असतो. अमेरिकेत ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेल कोर्सच्या सोळाव्या होलवर (कोर्सच्या अठरा टप्प्यांपैकी एकावर) स्पर्धेच्या वेळी हजारो प्रेक्षक आरडाओरडा करत असतात आणि व्यावसायिक खेळाडू तिथेही उत्तम खेळतात, पण शांत ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या आखूड हिरवळीवर, पटिंग (चेंडू हलकेच खळग्याकडे ढकलणे) सुरू असताना आलेला एकच ‘टिंग’ त्यांनाही विचलित करतो. त्यामुळे फोन सायलेंट ठेवण्याची अट ही निव्वळ शिष्टाचाराची बाब नाही, खेळाची गरज आहे.

संपूर्ण बंदीचे सर्वांत नावाजलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेतला ऑगस्टा नॅशनल हा क्लब. तिथे होणाऱ्या मास्टर्स स्पर्धेच्या प्रेक्षकांना फोन आत नेता येत नाही आणि नियम मोडणाऱ्याला प्रवेश गमवावा लागतो. २०१९ मध्ये टायगर वुड्स जिंकला तेव्हा दोरीपलीकडचे सगळे लोक उघड्या डोळ्यांनी खेळ पाहत होते. त्या क्षणाच्या छायाचित्रांत उंचावलेले फोन दिसत नाहीत, आणि बंदीच्या बाजूने याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही. मात्र ऑगस्टाने फोन काढून घेतला तसा त्याला पर्यायही दिला: आवारात प्रेक्षकांसाठी मोफत दूरध्वनी ठेवलेले असतात. बंदीचा दाखला देताना ही दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही.

इतर मोठ्या संस्थांनी उलट दिशेने पावले टाकली. ब्रिटनमधल्या ओपन स्पर्धेत २००६ साली हॉयलेकच्या कोर्सवर फोन-कॅमेऱ्यांचा उपद्रव झाल्यावर ती भरवणाऱ्या आर अँड ए या संस्थेने बंदी आणली, पण २०१२ मध्ये ती उठवली. अमेरिकेत व्यावसायिक स्पर्धा भरवणाऱ्या पीजीए टूरने २०११ मध्ये प्रेक्षकांना फोन आणू दिले. पुढच्याच वर्षी टूरच्या मेमोरियल स्पर्धेत फिल मिकलसन या नामवंत खेळाडूला फोनधारकांचा त्रास झाल्याच्या बातम्या आल्या, तरीही टूरने मुभा काढून घेतली नाही. नियमांची अंमलबजावणी मात्र सुधारावी लागली.

हे सगळे प्रेक्षकांविषयी झाले. सभासदाच्या रोजच्या खेळात प्रश्न वेगळा असतो आणि तिथे खेळाचे नियम फोनच्या विरोधात नाहीत. २०१९ पासून लागू असलेल्या नियम ४.३ नुसार, स्थानिक नियमाने मनाई केलेली नसेल तर उपकरणाने अंतर मोजता येते आणि हवामानाचा अंदाजही पाहता येतो. चढउताराचा हिशेब करून दिलेले अंतर किंवा फटक्याची लय साधण्यासाठी लावलेले संगीत चालत नाही. पहिल्या चुकीला स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून खेळल्या जाणाऱ्या प्रकारात) दोन फटक्यांचा दंड आणि दुसऱ्या चुकीला थेट अपात्रता. पण अंतर मोजणे हा परवानगीचा भक्कम आधार नव्हे. तेच काम जीपीएस असलेले मनगटी घड्याळ किंवा लेझर रेंजफाइंडर करतो आणि स्कोअरची नोंद क्लबहाउसमध्ये येऊनही करता येते.

परवानगीची बाजू खरी भक्कम होते ती सुरक्षिततेच्या मुद्द्यावर. कोर्सच्या टोकाच्या होलपासून क्लबहाउस दूर असते आणि छातीत कळ आलेल्या ज्येष्ठ सभासदासाठी एकेक मिनिट मोलाचे असते. विजेचा धोका तर गोल्फच्या इतिहासातच नोंदला गेला आहे: १९९१ च्या यूएस ओपनमध्ये हेझल्टाइन येथे झाडाखाली आडोसा घेतलेल्या प्रेक्षकांवर वीज कोसळून एकाचा मृत्यू झाला. महाराष्ट्रात मे महिन्यातील वळवाच्या आणि ऑक्टोबरमधील परतीच्या पावसात दुपारनंतर ढग किती झपाट्याने भरून येतात, हे इथल्या गोल्फरांना सांगायला नको. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे ॲप आपल्या परिसरात पडणाऱ्या विजेची सूचना देते, पण तिचा उपयोग फोन जवळ असेल तरच. दुसरीकडे, क्लबचा भोंगा एकाच वेळी सगळ्यांना ऐकू जातो आणि कोणाच्या बॅटरीवर अवलंबून नसतो. ज्या क्लबकडे तो आहे आणि लक्ष ठेवायला माणूसही आहे, तिथे बंदीला होणारा आक्षेप बराच सौम्य होतो.

सायलेंट फोननेही न सुटणारी अडचण म्हणजे वेळ. हरवलेला चेंडू शोधायला नियम तीन मिनिटे देतात आणि एक फटका चाळीस सेकंदांत मारावा अशी शिफारस करतात. टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारण्याच्या जागी, उभ्या असलेल्या चौघांपैकी एक जण संदेश वाचत राहिला, तर मागच्या प्रत्येक गटाचा खेळ लांबतो. परवानगी देणाऱ्या समितीने रिंगटोनइतकेच लक्ष याकडेही द्यायला हवे, पण बहुतेक फलकांवर फक्त ‘फोन सायलेंट ठेवा’ एवढेच लिहिलेले असते.

आणखी एका गोष्टीचा विसर पडू नये, ती म्हणजे खेळाडूचा मदतनीस, कॅडी. बॅग त्याच्या खांद्यावर असते, त्याचाही फोन खिशात असतो आणि पुढचे काम त्याला बहुधा त्या फोनवरच मिळते. नियमांनुसार फेरीदरम्यान कॅडीच्या वागण्याची जबाबदारी खेळाडूवर असते. सभासदाने टीवर बोलत उभे राहायचे आणि कॅडीचा फोन मात्र काढून घ्यायचा, हे न्याय्य नाही. नियम दोघांना एकच असावा.

माझे मत असे की सर्वसाधारण सभासद क्लबने अटींसह परवानगी द्यावी: फोन पूर्ण सायलेंट, व्हायब्रेटही नाही, कोर्सवर संभाषण फक्त आणीबाणीत, रुग्णालयाचा फोन येऊ शकणाऱ्या डॉक्टरांनी फेरीआधी सोबत्यांना तशी कल्पना द्यावी आणि बोलायचे झाल्यास बाजूला जाऊन मागच्या गटाला वाट द्यावी. नियम १.२ब समितीला स्वतःची आचारसंहिता करून तिच्या भंगासाठी फटक्यांचा दंड ठरवण्याचा अधिकार देतो. स्पर्धांमध्ये पहिल्यांदा ताकीद आणि दुसऱ्यांदा एक फटका दंड पुरेसा व्हावा. संपूर्ण बंदी हवी असेल, तर ती आणण्यापूर्वी कोर्सवर ठराविक अंतरावर दूरध्वनी किंवा वॉकीटॉकी, विजेसाठी भोंगा आणि हृदयविकारासाठी प्रशिक्षित कर्मचारी एवढी व्यवस्था प्रत्यक्ष उभी करावी आणि मगच सभासदांना फोन लॉकरमध्ये ठेवायला सांगावे.