मोबाइल रिपेअरिंगसाठी दोन डोळ्यांचा स्टिरिओ घ्यावा की स्क्रीनवाला डिजिटल मायक्रोस्कोप?

स्वतःचं टेबल मांडायला निघालेल्या प्रत्येक रिपेअरवाल्याला हा प्रश्न पडतो. एकीकडे छोट्या स्क्रीनचा डिजिटल मायक्रोस्कोप, खोक्यावर ठळक '१०००एक्स'. दुसरीकडे दोन आयपीसचा (डोळे लावायच्या भिंगांचा) स्टिरिओ मायक्रोस्कोप, महाग, आणि त्यावर फक्त '७एक्स ते ४५एक्स', म्हणजे ७ ते ४५ पट. बोर्डवर रोज सोल्डरिंग करायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: स्टिरिओच घ्या. डिजिटल वाईट नाही, पण त्याचं काम वेगळं.

आधी त्या आकड्याबद्दल. डिजिटलवरचा '१०००एक्स' स्क्रीनच्या आकारावरून काढलेला असतो. तेच चित्र मोठ्या टीव्हीवर लावलं की आकडा आणखी वाढतो, बारकावे मात्र तेवढेच राहतात. स्टिरिओत ०.७ ते ४.५ झूम गुणिले १०च्या आयपीस, म्हणजे खरोखर ७ ते ४५ पट. बोर्डचं बहुतेक काम ७ ते २० पटीतच होतं. ०४०२ मापाचा कपॅसिटर १ मिमी लांब आणि अर्धा मिमी रुंद असतो. १०एक्सला तो सेंटीमीटरभर दिसतो, आणि आजूबाजूचा जवळपास २० मिमी बोर्डही नजरेत राहतो. ४०एक्सला गेलात तर जेमतेम ५ मिमी दिसेल आणि चिमटा कुठून आत येतोय तेच कळणार नाही.

खरा फरक खोली (डेप्थ) कळण्याचा. स्टिरिओत दोन्ही डोळे बोर्डकडे किंचित वेगळ्या कोनातून बघतात, त्यामुळे सोल्डरिंगची टिप पॅडला (बोर्डवरच्या सोल्डर लावायच्या धातूच्या ठिपक्याला) टेकली आहे की केसभर वर आहे हे न विचार करता कळतं. स्क्रीनवर ते सपाट दिसतं. टिपच्या सावलीवरून अंदाज बांधायची सवय होते, पण शेजारचा कपॅसिटर उडतो तो बहुधा अशाच अंदाजात. शिवाय स्वस्त यूएसबी मॉडेलमध्ये हात आधी हलतो आणि चित्र मागून येतं. एचडीएमआयवाल्यात हा उशीर बराच कमी असतो. डिजिटल घ्यायचाच ठरला तर निदान तो घ्या.

डिजिटल कुठे सरस ठरतो? मान सरळ राहते. दिवसभर आयपीसमध्ये वाकून बसणाऱ्याला याचं मोल विचारा. गिऱ्हाइकाला पाणी गेलेला, हिरवट पडलेला कनेक्टर दाखवता येतो, फोटो काढता येतो, शिकाऊ मुलांना एकत्र शिकवता येतं. नुसती तपासणी आणि रेकॉर्डिंग हवं असेल तर डिजिटल पुरेसा आहे.

दोन्ही हवं तर ट्रायनॉक्युलर, म्हणजे कॅमेऱ्यासाठी तिसरी नळी असलेला स्टिरिओ. इथे एक गोष्ट नक्की विचारून घ्या. काही मॉडेलमध्ये दांडी ओढली की कॅमेऱ्याला प्रकाश जातो, पण एक आयपीस काळी पडते. मग रेकॉर्डिंग चालू असताना तुम्ही एकाच डोळ्याने काम करणार आणि ज्या खोलीसाठी पैसे मोजले तीच गेली. 'सायमल-फोकल' प्रकारात दोन्ही डोळे आणि कॅमेरा एकाच वेळी चालतात.

झूम नसलेला, २एक्स-४एक्स अदलाबदलीचा स्टिरिओ स्वस्त आणि दणकट असतो, शाळेच्या प्रयोगशाळेत उत्तम. रिपेअरिंगला नको, कारण १०च्या आयपीससोबत त्याची सुरुवातच २०एक्सपासून होते. एकाच मोठ्या सामाईक ऑब्जेक्टिव्हचे (बोर्डकडच्या भिंगाचे) संशोधनासाठीचे महागडे स्टिरिओही मिळतात. बोर्डला मात्र दोन तिरप्या नळ्यांचा ग्रीनो पद्धतीचा पुरतो. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ होरेशियो ग्रीनो यांच्या कल्पनेवरून झाइस कंपनीने १८९० च्या दशकात तो बनवला, आणि मूळ रचना आजही तीच आहे.

पैसे वाचवायचेच असतील तर स्टँडवर वाचवू नका. साध्या खांबाच्या स्टँडवर फोनचा बोर्ड बसतो, लॅपटॉपचा मदरबोर्ड खांबाला अडतो. आडव्या दांड्याचा बूम स्टँड घ्या आणि त्याचा तळ जड आहे ना ते बघा. २०एक्सला टेबलाचा प्रत्येक धक्का डोळ्यांत दिसतो. सोबत मूळ भिंगाखाली लावायची ०.५एक्सची जोडभिंग हवीच. तिने बोर्ड आणि भिंग यांच्यातलं अंतर सुमारे १०० मिमीवरून १६५ मिमीच्या आसपास जातं, म्हणजे हॉट एअरची नळी आरामात फिरते. फ्लक्सचा (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायच्या रसायनाचा) धूरही मूळ भिंगाऐवजी तिच्यावर बसतो. मात्र मायक्रोस्कोपचं डोकं तेवढंच वर न्यावं लागतं, म्हणून स्टँडची उंची आधी मोजून घ्या.

स्टिरिओ लावताना पाच मिनिटं द्यावी लागतात, डिजिटलला तीही नाहीत. दोन नळ्यांचं अंतर डोळ्यांएवढं करा, दोन गोल मिळून एकच दिसला पाहिजे. मग झूम सर्वांत जास्त ठेवून चिपवरच्या छापील अक्षरावर फोकस करा. आता झूम सर्वांत कमी करा आणि फोकसच्या नॉबला हात न लावता, एकेका डोळ्याने बघत, आयपीसची कडी फिरवून चित्र स्पष्ट करा. यानंतर झूम कितीही बदला, फोकस सुटत नाही. 'स्टिरिओने डोकं दुखतं' असं म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी ही कडी कधी फिरवलेलीच नसते. एवढं करूनही दोन चित्रं वेगळी दिसली, तर नळ्या जुळलेल्या नाहीत. असा पीस बदलून घ्या.

प्रकाशाला एलईडी रिंग चालते, पण ती सावली पुसून टाकते. ड्राय सोल्डर (नीट न धरलेले सांधे) आणि तडे शोधायला बाजूने तिरपा पडणारा वाकता दिवाही ठेवा.

देखभालीत डिजिटल सोपा, समोरची काच पुसली की झालं. स्टिरिओची धूळ आधी ब्लोअरने उडवा, मग लेन्स पेपरवर आयपीएचा (आयसोप्रोपिल अल्कोहोलचा) थेंब घेऊन फ्लक्सचा डाग टिपा. थेट काचेवर ओतू नका, शर्टाने तर पुसूच नका. मायक्रोस्कोपचं डोकं आपोआप खाली सरकत असेल तर अनेक मॉडेलमध्ये दोन्ही बाजूंचे फोकस नॉब धरून एकमेकांविरुद्ध फिरवले की घट्ट होतं. मुंबईत, कोकणात, गोव्यात खरा शत्रू पावसाळा. आत बुरशी धरली आणि तुम्ही खोललंत, तर प्रिझमची जुळणी बिघडते. म्हणून पावसाळ्यात डोकं सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या बंद डब्यात ठेवा आणि जेल अधूनमधून तापवून सुकवा.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा कुठेही सेकंडहँड स्टिरिओ बघत असाल, तर आयपीस काढून खालून मोबाइलचा टॉर्च मारा आणि नळीत डोकवा. कोळिष्टकासारखी जाळी दिसली, तर भाव कितीही पाडून दिला तरी घेऊ नका.