४०० बोटुकली आणि न मागितलेला गवत्या

पाचपैकी तीन तारे. एक कापला मोजणीचा, दुसरा गवत्याचा, म्हणजे गवत खाणाऱ्या ग्रास कार्प माशाचा.

कुडाळकडे व्हाळाला (ओढ्याला) लागून आमचा ८ गुंठ्यांचा कुणगा, म्हणजे भाताचं खाचर आहे. पाणी कायम साचलेलं, म्हणून यंदा जया जातीच्या भातात मासे सोडायचं मनात घेतलं आणि या मत्स्यबीज केंद्रातून ४०० बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं आणली. निम्मी सायप्रिनस (कॉमन कार्प), निम्मी रोहू, २ रुपये नग. मोजणी म्हणजे काय, तर चहाच्या गाळणीत येतील तेवढी एकदा मोजायची, मग नुसत्या गाळण्या मोजायच्या. घरी टबात ओतून मोजली तर ३५४ भरली, त्यात ९ मेलेली.

पॅकिंगला मात्र पैकीच्या पैकी. पिशवीत थोडं पाणी, वर ऑक्सिजन टम्म भरलेला. मालक माहितगार. लावणीनंतर तरवा (भाताची रोपं) रुजेपर्यंत पंधराएक दिवस थांबा, कडेने दोन फूट खोल चर मारा, पिशवी आधी कुणग्यातल्या पाण्यावर तरंगत ठेवा आणि मगच तोंड सोडा, असं सगळं दोनदोनदा बजावलं. दाणेदार औषध भातात टाकायचं नाही, हेही. मला ते पटलं, घरधन्यांना पटायला वेळ लागला.

ऑगस्टात एका कोपऱ्यातल्या भाताच्या चुडांचे शेंडे कुरतडलेले दिसले. सासूबाई मेरेवरून (बांधावरून) ओरडल्या, "ढोरां चरली काय गो हयसर?" ढोरं कुठली! जाळ्याने पागून बघितलं तर हिरवट, लांबट मासे. सायप्रिनसला तोंडाशी मिशा असतात, यांना एकही नाही. गवत्या! त्याला भात आणि गवत सारखंच. पाच पकडले. फोन केला तर मालक म्हणाले, "एखाददुसरा मिसळतो मॅडम." भांडले नाही. पुढच्या वर्षी २० नग फुकट देतो म्हणाले.

त्याच महिन्यात एका रात्री पाणी वाटेवरच्या जाळीत पाला अडकून मेरेवरून गेलं. ही चूक माझी. मासे किती गेले देव जाणे, पण व्हाळातून आत आलेलेही कमी नव्हते. कापणीआधी पाणी सोडलं, सगळे चरात गोळा झाले. सायप्रिनस ११०, मोठे पाव किलोच्या आसपास. रोहू मोजून १७, तीही काडीसारखी. तिला एवढं उथळ पाणी मानवत नाही, हे विकतानाच सांगायला हवं होतं. शिवाय न विकत घेतलेले मळये, शेंगटी, दांडकी आणि एक जाडजूड मरळ. बाकीची रोहू कुठे गेली, ते मरळीच्या पोटाकडे बघून थोडंफार कळलं.

सासूबाईंनी मळये तेवढे वेचून तिरफळ घालून केले. सायप्रिनसला काटे फार म्हणून ते शेजारी गेले, नि शेजारी खूश.

पुढच्या जुलैत तिथेच जाणार. फक्त सायप्रिनस घेणार, आणि पिशवी बांधायच्या आधी मिशा तपासणार.