पिकअपच्या छताला लावलेला मॉड्युलर कन्सोल : आठ महिने, साडेएकवीस हजार किलोमीटर आणि एक टिकली

जुलैतली गोष्ट. पहाटे चार वाजून दहा मिनिटं. ओतूरच्या बाजूला एका शेतकऱ्याचे ७० क्रेट टोमॅटो बांधावर भरून तयार, त्याचे दोन फोन येऊन गेलेले. मी चावी फिरवली, सेल्फ मारला, तर नुसतं टक्. परत मारला, परत टक्. स्टिअरिंगमागचे दिवे समई विझताना होतात तसे मिणमिणले आणि गेले. तीन दिवस झड लागली होती, तोडा बंद होता, म्हणून गाडी पडवीशेजारी उभी होती. तीन दिवसांत बॅटरी मेली?

शेजारच्या ट्रॅक्टरवरून वायरी लावून गाडी चालू केली तेव्हा पावणेसहा वाजले होते. तोवर त्या माणसाने दुसरी गाडी बोलावून माल नारायणगावला लावलासुद्धा. भाडं गेलंच, वर "तुमचा भरवसा नाही राहिला शेठ" हेही ऐकून घेतलं. हा रिव्ह्यू मी लिहिणारच नव्हतो. त्या सकाळमुळे लिहितोय.

डिसेंबरात बोलेरो पिकअपला हा छताचा कन्सोल बसवला. आडवी पट्टी, त्यात चार खण, खणात हवा तो ठोकळा सरकवायचा, हे तुम्ही व्हिडिओत पाहिलेलं असेल, परत सांगत नाही. मी घेतलेले ठोकळे : वाचायचा दिवा, यूएसबी चार्जर, छोटा पंखा. चौथा खण रिकामा, त्याचं पुढे सांगतो. डॅशकॅम पट्टीच्या पुढच्या टोकाला. सामान ६,८०० रुपये, पंखा वेगळा १,१५०, फिटिंग ९०० आणि त्या ९०० चं बिल नाही. बिल पाहिजे असेल तर जीएसटी लागेल म्हणाले. कंपनीचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण वॉरंटीचे चार महिने अजून शिल्लक आहेत आणि मला भांडायला तोंड मोकळं ठेवायचंय.

आता मुद्द्याचं. चार्जरच्या ठोकळ्यावर एक निळा दिवा आहे. तांदळाच्या दाण्याएवढा. त्याला बटण नाही.

हसू नका. मी आठवड्यात दोन-तीन वेळा रात्री माळशेज उतरतो. मुरबाड, कल्याण करत पहाटेच्या आत वाशी गाठायची असते. चार्जर तिसऱ्या खणात, म्हणजे डोक्याच्या जरा मागे होता. मला चष्मा आहे. मागून येणारा तो निळा ठिपका चष्म्याच्या काचेवर आतल्या बाजूने उमटायचा, बरोबर उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात. वळणावर समोरून कुणी येतंय असं वाटून दोनदा पाय ब्रेकवर गेला. मागच्या गाडीवाल्याने दिलेल्या शिव्या इथे लिहीत नाही.

मग म्हटलं, मॉड्युलर आहे ना, हलवू. पहिल्या खणात आणला. तिथून त्याचा उजेड खाली डॅशबोर्डवर ठेवलेल्या पावतीच्या कागदावर पडायचा आणि कागदाचं निळसर भूत समोरच्या काचेत दिसायचं. कागद उचलला, तर डॅशबोर्डवरच्या गणपतीला निळी प्रभावळ आली. दुसऱ्या खणात नेला तर थेट डोळ्यात. ६,८०० रुपयांच्या वस्तूत दोन रुपयांचं बटण घालायला यांना काय झालं होतं? फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, ती लाइट प्रीमियम लूकसाठी आहे." माझ्या गाडीत मागे टोमॅटोचा चिखल, पुढे सुतळीचे बिंडे. प्रीमियम लूक कुणाला दाखवू?

काळी टेप लावली. मार्चच्या उन्हात तिचा गोंद पाघळला आणि टेप घसरून कुठे गेली कळलं नाही. बायकोची नेलपॉलिश लावली, तर लाल रंगातून निळा उजेड येऊन जांभळा झाला, ऑर्केस्ट्राच्या स्टेजसारखा. शेवटी तिनेच टिकलीच्या पाकिटातली एक मरून मोठी टिकली काढून चिकटवली आणि म्हणाली, "झालं?" झालं. टिकली पडली नाही, उजेड येईना. चार महिने मी तो दिवा विसरून गेलो. हे लक्षात ठेवा.

एप्रिलपर्यंत माझं मत असं होतं : वाचायचा दिवा उत्तम, बाकी पैसे पाण्यात. दिवा खरंच चांगला आहे. पिवळसर, मान वळणारा, काट्याची पावती वाचायला आणि वहीत हिशोब मांडायला पुरे, आणि रस्त्यावर डोळे दिपत नाहीत. चार्जरवर ३.१ अँपिअर छापलंय. नकाशा चालू ठेवून फोन लावला तर नारायणगाव ते वाशी चार्जिंग ४० टक्क्यांवरून ५५ वर जातं, त्यावरून काय ते समजा. शिवाय चार्जर चालू असला की रेडिओत विविध भारतीच्या मागे मधमाशा घोंघावतात. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारं सर्किट स्वस्तातलं असलं की हे होतंच. वायरीला फेराइटची गोळी (असली खरखर शोषणारा काळा मणी) अडकवल्यावर निम्म्या माशा गेल्या.

पंखा म्हणजे तर मला शुद्ध फसवणूक वाटली होती. वारा कमी, आवाज पिठाच्या गिरणीचा. पण जून लागला. माझ्या गाडीत एसी नाही. पावसात काचा बंद केल्या की दोन माणसांच्या श्वासाने समोरची काच आतून दुधाळ होते. आधी एका हाताने फडकं मारत घाट उतरायचो. एका रात्री माळशेजच्या बोगद्याअलीकडे वैतागून पंख्याचं तोंड काचेकडे वळवलं आणि फुल केला. तीन-चार मिनिटांत माझ्या समोर ताटाएवढी जागा स्वच्छ झाली, आणि पुढे सबंध घाट तशीच राहिली. बाहेरच्या धुक्याला तो काही करू शकत नाही, पण आतलं धुकं गेलं. १,१५० रुपयांबद्दलचे माझे सगळे शब्द मागे. पंखा घ्या. बाकी काही नाही घेतलं तरी पंखा घ्या. गिरणी तर गिरणी.

रिकाम्या खणाचंही सांगून टाकतो. बॉक्सवर त्याला 'सीबी बे' लिहिलंय. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "असतं ते." ही कन्सोलची कल्पना मूळची अमेरिकेतली. सीबी म्हणजे सिटिझन्स बँड. तिथले ट्रकवाले छताला हा सीबी रेडिओ लावून एकमेकांशी बोलायचे. पोलीस कुठे उभा, डिझेल कुठे स्वस्त, असलं. १९७७ पासून त्यांना २३ ऐवजी ४० चॅनल मिळाले आणि त्यातलं १९ नंबरचं ट्रकवाल्यांचं. आपल्याकडे ते काम हॉटेलवरचा चहा आणि व्हॉट्सॲपचा ग्रुप करतो, पण साचा तिकडचा म्हणून खण आला. माझ्या खणात सध्या हिशोबाची वही, आरसी-विम्याच्या झेरॉक्स आणि शेंगदाण्याच्या लाडवाचा डबा आहे. मापात बसतो. जागा वाया गेलेली नाही.

आता बॅटरी.

त्या दिवशी दुपारी गाडी आळेफाट्याला आमच्या नेहमीच्या अण्णांकडे नेली. सत्तरीचे आहेत, मीटर कपाळाशी धरून बघतात. बॅटरी ११.४ व्होल्ट. ८० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे एक अँपिअर ८० तास पुरेल एवढी) आहे, तीन वर्षं जुनी. मी म्हणालो, नवीन टाकून द्या. अण्णा म्हणाले, "बॅटरी बदलशील, पण पाणी ज्या भोकातून गळतंय ते तसंच राहील ना?" बॅटरीचा निगेटिव्ह सोडला, मध्ये मीटर घातला, चावी माझ्या खिशात. काटा नाही, आकडा आला : ०.६२ अँपिअर. गाडी झोपलेली असताना.

मग एकेक फ्यूज उपटायला सुरुवात. हॉर्न, वायपर, दिवे, आकडा जागचा हलेना. शेवटी अण्णांनी बॅटरीपासून निघालेली एक लाल वायर बोटाने चाचपत वर नेली. ती दरवाजाच्या खांबातून छतात गेली होती. तिच्यावरचा फ्यूज उपटला आणि मीटर ०.०३ वर आला. म्हणजे गाडीचं स्वतःचं खाणं ०.०३, आणि बाकी सगळं माझ्या डोक्यावर बसलेलं.

फ्यूज परत लावून अण्णा केबिनमध्ये वर बघत राहिले. टेस्टरच्या टोकाने टिकली हळूच उचलली. खाली निळा दिवा, टक्क जागा.

"टिकली कुणी लावली हिला?"

"दिवा डोळ्यात जात होता अण्णा."

"अरे, तो ओरडून सांगत होता तुला की लाईन चालू आहे. तू त्याच्या तोंडावर हात ठेवलास."

मला वाटायचं, एवढासा दिवा किती करंट खाणार? ते खरंच आहे, तो काही खात नाही. पण तो ज्या लाईनवर होता त्याच लाईनवर डॅशकॅम ०.३८, माझा विसरलेला इंटरनेट डोंगल ०.१५, वर चार्जरचं सर्किट आणि पंख्याचा रेग्युलेटर. ०.६२ ला २४ ने गुणलं की दिवसाला साधारण १५ एएच, तीन दिवसांचे ४५. जुन्या बॅटरीतून अर्ध्याहून जास्त गेल्यावर डिझेल गाडीचा सेल्फ कुठून उचलणार? रोज गाडी चालायची तोवर आल्टरनेटर भरपाई करत होता, म्हणून सात महिने पत्ता लागला नाही. झड लागली आणि उघडं पडलं.

आता माझी चूक. फिटिंगच्या वेळी मीच सांगितलं होतं की डॅशकॅम रात्रीही चालू पाहिजे, आमच्याकडे टाकीतून डिझेल काढतात. त्या पोराने ऐकलं आणि आख्खा कन्सोलच मेन करंटवर, म्हणजे थेट बॅटरीवर टाकला. खरं तर फक्त डॅशकॅमला वेगळी वायर द्यायची, तिच्यात व्होल्टेज पडलं की तोडणारं किट घालायचं आणि बाकीचं इग्निशनवर, म्हणजे चावी फिरवली तरच चालेल असं घ्यायचं. त्याने किट न घालता डॅशकॅम चार्जरच्याच पोटात खुपसला. त्याहून वाईट म्हणजे ०.७५ चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरीवर २० अँपिअरचा फ्यूज. अण्णा त्यावर खरे भडकले. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. वायर जळाली तरी हा उडला नसता. माझं सगळं सामान एकदम चाललं तरी साडेचार अँपिअरच्या आत बसतं, साडेसातचा पुरे होता.

अण्णांची मजुरी ३५०, किट १,१००. किट १२ व्होल्टवर तोडतं. कन्सोल इग्निशनवर, फ्यूज ७.५. परवा मुद्दाम दोन दिवस गाडी उभी ठेवली. सकाळी पहिल्या सेल्फला चालू.

मग दुकानाला फोन. दुकान म्हणतं कंपनीला विचारा. कंपनीला मेल केला, मीटरचे फोटो जोडले. चौथ्या दिवशी उत्तर आलं : अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाठवा. सात महिन्यांनी! लिहिलं की तक्रार वस्तू फुटकी आल्याची नाही, फिटिंगची आणि न विझणाऱ्या दिव्याची आहे. त्यावर उत्तर : फिटिंग आमच्या कक्षेत येत नाही, दिव्याबाबत फीडबॅक संबंधित टीमला कळवला आहे. दुकानाकडे परत गेलो तर काउंटरवरचा म्हणाला, फिटिंगचं बिल दाखवा. तेव्हा मला ते जीएसटीचे वाचवलेले १६२ रुपये आठवले.

आणखी दोन बारीक गोष्टी. पट्टी नुसत्या डबल टेपवर चिकटवू देऊ नका. मे महिन्यात छताचा पत्रा तापतो आणि एक बाजू लोंबायला लागते. माझी लोंबली. आतल्या पट्टीला स्क्रू मारून घ्या, पण बाहेरच्या पत्र्याला भोक नको, पावसात तिथून गळेल. आणि डॅशकॅम घ्याल तर आत बॅटरीवाला नको, कपॅसिटरवाला घ्या. माझा जुना बॅटरीवाला उन्हात फुगून डाळबट्टीसारखा झाला होता.

पाचपैकी किती? पंख्यासाठी चार, वाचायच्या दिव्यासाठी चार, चार्जरला दोन, कंपनीच्या मेलला शून्य. परत घेईन का? पट्टी आणि पंखा घेईन, चार्जर नाही.

निळा दिवा आता चावी काढली की विझतो. गाडी चालताना मात्र अजून लागतो, त्यामुळे टिकली परत लावावी लागली. पण आता ती अर्ध्यावरच लावलीय, खालून एक रेघ दिसेल अशी. रात्री गाडी लावून घरात शिरताना वळून बघतो. बायको म्हणते, सून पाहायला आल्यासारखं काय बघता रोज तिच्याकडे?